सिलिंडरवरचं पाणी

सिलिंडरवर पाणी शिंपडून नूतन वळली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की बोलता बोलता पाहुणी आलेली क्रांती गप्प झाली आहे. तसं घडलं काहीच नव्हतं. शनिवारची सकाळ, अलिबागेतल्या इमारतीचा चौथा मजला, लिफ्ट नेहमीसारखी बंद, आणि गणराज गॅसवाला खांद्यावरचं सिलिंडर दाराबाहेर टेकवून घाम पुसत उभा. नूतनने सवयीने तांब्या आणला, चूळभर पाणी हातात घेतलं, सिलिंडरवर उडवलं आणि मग म्हणाली, “हं, घ्या आत.” गणराज हे कित्येक वर्षं बघत आलेला. पाहुणी बसलेली पाहून त्याला जरा चेव आला. “वहिनींचं सिलिंडर आंघोळ केल्याबिगर घरात येत न्हाय,” तो म्हणाला. पाहुणी हसलीसुद्धा. नाही असं नाही, आधी ती चांगली मोकळी हसली. मग तिने सिलिंडरवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं, आणि ते हसू कुठे ठेवावं हे तिला कळेनासं झालं.

“हे कशासाठी करता, काकू?” गणराज गेल्यावर तिने विचारलं. नूतनच्या मुलाने, प्रज्योतने, तिला आज पहिल्यांदाच घरी आणलं होतं. अलिबागेतल्याच एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायच्या कामावर असलेली, कानात बारीक खडे घातलेली, नीटस बोलणारी मुलगी. “आग घरात येते ना,” नूतनने सांगितलं, “ती शांत राहावी म्हणून. आमच्या माहेरची रीत आहे.” “माहेर कुठलं तुमचं?” “खारेपाटातलं. पोयनाडच्या पुढे.” क्रांती “अच्छा” म्हणाली. चहा संपवला, नको नको म्हणत असताना कप विसळून ठेवला, आणि चपला घालताना, एसटी कुठून सुटते हे सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, “माझी आजी खारेपाटात मोळ्या विकायला जायची.” नूतनने उत्साहाने विचारलं, “हो? कुठल्या गावाला?” ते आजीलाच विचारायला हवं, असं म्हणून ती जिना उतरली. प्रज्योत तिला सोडायला गेला तो दुपारी जेवायलाही आला नाही.

संध्याकाळी आला तो बुटांसकट खुर्चीत बसला. “आई, उद्या तिच्या घरचे यायचे नाहीत,” तो म्हणाला. उद्या सुपारी फुटायची होती. पेढे आणून फ्रिजमध्ये ठेवले होते, प्रज्योतच्या वडिलांनी, अनंताने, नवा सदरा इस्त्रीला दिला होता. “रागावलीय का?” नूतनने विचारलं. “रागावली असती तर मी समजूत काढली असती. ती शांत आहे. म्हणते, तुझ्या आईला खरंच माहीत नाही असं दिसतंय. त्यांना कळू दे. कळल्यावर त्या काय करतात ते बघते आणि मग सुपारीचं ठरवते.” “काय कळू दे?” “ते मी विचारलं. म्हणाली, आजोळी विचार.” मग तो मोबाइलकडे बघत बसला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा बाप्या, बंदरावर कंटेनरांची ये-जा सांभाळणारा, पण दहावीच्या निकालाच्या आदल्या दिवशी दिसला होता तसा दिसत होता. नूतनला त्याची दया आली, आणि त्याचबरोबर, तिचं तिलाच नवल वाटलं, एक भलतीच उत्सुकताही तिच्या मनात जागी झाली.

कारण हे लग्न तिने आनंदाने मान्य केलं होतं. नुसतं मान्य नाही, थोडं मिरवलंही होतं. मुलगी कातकरी आहे हे प्रज्योतने चाचरत सांगितलं तेव्हा अनंताने पेपर खाली ठेवला होता, आणि तीच म्हणाली होती, “मग?” हा ‘मग’ नंतर शाळेच्या शिक्षकखोलीत तिने दोन-तीनदा सांगितला होता, आवाज उगाच साधा ठेवून. ‘आदिवासी मुलगी आहे, आम्हाला काही त्याचं नाही,’ असं. नूतन म्हणजे शाळेत भूगोलाच्या बाई. आदिम जमातींचा धडा त्यांनी जन्मभर शिकवला, त्यात कातकरी होतेच. पूर्वी जंगलात काथ काढायचे, जंगलं सरकारने घेतली तशी कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर राबले, इंग्रजांनी त्यांना जन्मजात गुन्हेगारांत घातलं. हे सगळं बाई फळ्यावर लिहून पोरांकडून पाठ करून घ्यायच्या आणि परीक्षेत चार गुणांना विचारायच्या. आता त्या धड्यातून कुणीतरी उठून चहा प्यायला आलं होतं आणि कप विसळून निघून गेलं होतं. नूतनने स्वतःचा उजवा हात दिव्याखाली धरून पाहिला. हा हात पाणी शिंपडतो. त्याला कुणी शिकवलं? शिकवल्याचं काही आठवेना. पोहायला शिकलेलं आठवतं, सायकल आठवते, पहिली भाकरी करपली ती आठवते. हे मात्र हात जसा फुटला तसंच त्याच्यात आलेलं. भीती वाटायला हवी होती, थोडी वाटतही होती; पण नदी कुठे उगम पावते हे आयुष्यभर दुसऱ्यांना विचारणाऱ्या बाईला आपल्याच हाताचा उगम ठाऊक नसावा, याचंच तिला जास्त कुतूहल वाटलं.

“अगं, आगीसाठी म्हणून सांगितलंस ना? मग तेच सांगत राहा,” अनंता पलंगावर पाय सोडून म्हणाला. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. घरातल्या भाजीत मीठ कमी पडलं तरी साक्षीपुरावा मागायचा. “तुझ्या मनात काय होतं ते महत्त्वाचं. हेतू नाही तिथे गुन्हा नाही. आणि कोण जाणार आहे तपासायला?” “मी जाणार आहे,” नूतन म्हणाली. “आणि नको ते निघालं तर?” तिला आत कुठेतरी खात्री होती की नको ते काही निघणारच नाही. आपण काय, आपण सोसणाऱ्यांतले. डीएडला असताना होस्टेलच्या खोलीत तिच्या खाटेशेजारी शहरातली एक गोरीघारी मुलगी होती. नूतनच्या आईने दिलेल्या सुक्या जवळ्याचा डबा तिने पहिल्याच दिवशी खिडकीबाहेर ठेवायला लावला. आगरीण म्हणायची, हसत हसत म्हणायची, आणि नूतनच्या तोंडून ‘मना’ निघालं की बाकीच्या मुली ते खोलीभर फिरवायच्या. ‘मना कला नाय, मना कला नाय.’ दोन महिन्यांत नूतन ‘मला’ म्हणायला शिकली, ‘कळलं’ म्हणायला शिकली, आणि सुट्टीत घरी गेल्यावर आईच म्हणाली, भटीण झालीस का गो. तो डबा खिडकीबाहेर पावसात भिजला होता. ते दुःख नूतनने जपून ठेवलं होतं. आपल्यालाही कुणीतरी बाहेर ठेवलं होतं, म्हणून आपण कुणाला बाहेर ठेवलं नसणार, असा तिचा हिशेब होता. तो तिने कधी तपासला नव्हता.

सकाळी पेढे तसेच फ्रिजमध्ये ठेवून ती पहिल्या एसटीने माहेरी गेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापणी झालेली शेतं, मधे मधे मत्स्यतळी, पलीकडे खाडीचा बांध. हा सगळा मुलूख खारा. समुद्र अडवून केलेली भाताची जमीन, झाड म्हणाल तर नावाला, आणि गोडं पाणी म्हणाल तर तेही नावालाच. लहानपणी उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन कोसभर चालायच्या, आणि आंघोळीचं पाणी परातीत धरून पुन्हा झाडांना जायचं. हे तिला नेहमीच आठवायचं, पण आज बसच्या खिडकीशी बसल्यावर त्याच्या शेजारी दुसरं एक येऊन बसलं: अशा गावात, जिथे पाण्याच्या थेंबासाठी सासूसुनांची भांडणं व्हायची, तिथे चूळभर पाणी कशावर तरी उडवून टाकायला परवडत होतं. म्हणजे ते तितकंच गरजेचं वाटत असणार. हा विचार तिला एखाद्या हुशार विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नासारखा आवडला, आणि लगेच आवडेनासा झाला.

आई ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसली होती. सत्यवतीबाई ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या, गुडघे गेले होते, पण बोटं आणि जीभ शाबूत होती. “का गो, अशी अवचित? आज तं सुपारी व्हती ना पोराची?” “पुढे गेली,” नूतन म्हणाली आणि तीही वाल सोलायला बसली. मुलगी कातकरी आहे हे आईला तिने सांगितलं नव्हतं. अलिबागची आहे, लॅबमध्ये आहे, एवढंच. तिने सरळ विचारलं, “आई, आपण सिलिंडरवर पाणी का शिंपतो?” “शिंपाचा तं शिंपाचा. माजे सासूनी शिकवलान.” “तुझ्या सासूच्या वेळी सिलिंडर कुठे होतं?” सत्यवतीबाई खुदकन हसल्या. लेकीने आपल्याला पकडलं याचं त्यांना कौतुक वाटलं. “सिलिंडर नव्हता, पन लाकडा तं व्हती. आपले गावात काय झाड हाय? डोंगरावरशी कातकरनी मोल्या आनाच्या. तो लाकूड तसाच चुलीत घालाचा? तिचे डोक्यावरचा, तिचे हातचा? पानी माराचा नि मंग घरात घ्याचा.” हे सांगताना त्यांच्या आवाजात ना लाज होती ना जोर. वाल कोमट पाण्यात घालायचे हे जसं सांगतील, तसं.

“मग गॅस आल्यावर कशाला?” नूतनने विचारलं. तिचे हात थांबले होते. आईचे चालू होते. “तवा रस्ता कुठं व्हता बांधावर? गाडी थांबली पोयनाडला. तिथना बुधाजी कातकऱ्यानी डोक्यावरशी आनलान पयला सिलिंडर, दोन कोस. मी मारला पानी, नेहमीसारका. तू व्हतीस की घरा, दिवालीच्या सुट्टीला.” होती ती. तिला ते आत्ता दिसलं. गेली कित्येक वर्षं दिसत होतंच, पण त्यातला माणूस पुसलेला होता. लालचुटुक नवं सिलिंडर, भोवती जमलेली आळी, हातात तांब्या घेतलेली आई, आणि पाण्याचे थेंब उन्हात चमकताना. होस्टेलमधून आलेली, शुद्ध बोलायला शिकलेली नूतन तेव्हा मनात म्हणाली होती: किती सुंदर रीत आहे, अग्नी घरात येतो आणि आई त्याला शांत करते. ती तिचीच कल्पना. कुणी तिला असं सांगितलंच नव्हतं. सिलिंडरच्या मागे घामाने निथळत, डोक्यावरची चुंबळ सोडत उभा असलेला बुधाजी तिच्या त्या सुंदर चित्रातून केव्हाच निघून गेला होता. लग्नानंतर स्वतःच्या घरी पहिलं सिलिंडर आलं तेव्हा तिने तांब्या घेतला, आणि सासरच्यांना मोठ्या अभिमानाने रीत समजावून सांगितली. गणराज काही कातकरी नव्हता, आणि असता तरी तिला ठाऊक नसतं. पाण्याला कुणावर पडायचं हेही कळेनासं झालं होतं, तरी ते पडतच राहिलं. इतकी मोठी चूक इतक्या भक्तीने करता येते, याचं नूतनला हसू यायला लागलं, आणि तिने खाली मान घालून एक वाल उचलला.

“वाईट नव्हतं का वाटत?” तिने विचारलं. “कुनाला?” “त्यांना.” सत्यवतीबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. हा प्रश्न त्यांना खरोखरच नवा होता. “आपल्याला वाटलान का? खोताचे घरा भाताच्या गोनी टाकाया जाव, तवा खोतीन गोनीवर पानी माराची. मंगच कोठीत घ्याची. माजी सासू बोलाची, मोठी मान्सा हाईत, त्यांची रीत हाय. तशी आपुन आपली रीत क्येली.” एवढं बोलून त्या पुन्हा वालाकडे वळल्या. नूतनला वाटलं, वा, आता साखळी पुरी झाली: खोतिणीच्या हातातून आजीच्या हातात, आजीच्या हातातून आईच्या, आईच्या हातातून चौथ्या मजल्यावर. उगम सापडला. क्षणभर तिला पाठ्यपुस्तकातली आकृती पुरी झाल्याचं समाधान झालं, आणि मग स्वतःचाच राग आला. आपल्यावर पडलेल्या पाण्याने आपण भिजलो होतो, हे कळलेल्या माणसाने ते पुढे कसं उडवलं? की भिजलेल्यालाच मोठं व्हायची घाई जास्त असते? आईला हे विचारण्यात अर्थ नव्हता. निघताना तिने फक्त सांगितलं, “आई, सून कातकरी आहे.” सत्यवतीबाईंच्या बोटातला वाल तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, “मना आदी सांगाचा व्हता. मी येवढा बोल्ले नसते.” सोललेले वाल त्यांनी डब्यात भरून दिले. कुणासाठी ते सांगितलं नाही, आणि नूतननेही विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये तिने अनंताला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. “हे बघ,” तो म्हणाला, “हे तुझ्या आईचं झालं. तुझं नाही. तू आगीसाठीच करत होतीस, हे शंभर टक्के खरं आहे. ते सांगितलंस तर खोटं बोलणार नाहीस.” नूतनला हे पटलं, आणि पटलं म्हणूनच ती अस्वस्थ झाली. तिच्या मनात आग होती हे खरं. क्रांतीने जे पाहिलं तेही खरं. सिलिंडर एकच, पाणी एकच. ज्याच्या हातात तांब्या असतो त्याला मनातला हेतू धरून बसता येतं. ज्याच्यावर उडतं त्याला फक्त पाणी मिळतं. पोराचं लग्न मोडलं तर? ही भीती आता चांगलीच बोचू लागली होती, तिच्यात कुतूहल राहिलं नव्हतं. तिने क्रांतीला फोन लावला. “मी येऊ का तुझ्याकडे? आत्ता?” क्रांती म्हणाली, “या. बाबा कामावर आहेत. आजी आहे.”

कार्लेखिंडीच्या अलीकडे उतरून डोंगराकडे चालत गेलं की वाडी लागते. योजनेतली घरं, काहींना गिलावा केलेला, काहींना नाही. दोन पाण्याच्या टाक्या, त्यातली एक रिकामी असल्याचं तिच्या सावलीत झोपलेल्या कुत्र्यांवरून कळत होतं. नूतन या रस्त्याने जन्मभर गेली-आली होती आणि इथे एकदाही उतरली नव्हती. शाळेच्या सहलीसुद्धा पुढच्या देवळाला जायच्या. क्रांती रस्त्यापर्यंत घ्यायला आली होती. तिच्या वडिलांनी, अंबाजींनी, तरुणपणी आदिवासी संघटनेच्या शिबिरातून आल्या आल्या लेकीचं नाव क्रांती ठेवलं होतं, असं प्रज्योत सांगायचा. घर स्वच्छ, थंड. दाराशी, भिंतीला टेकून रंगूआजी बसली होती; हाडं आणि डोळे एवढंच उरलेली, पण डोळे सगळीकडे फिरत होते. नूतन तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि काही प्रस्तावना न करता तिने सांगून टाकलं: आपल्याला वाटत होतं आगीसाठी, पण ते आगीसाठी नव्हतं, मोळी आणणारीचा हात लागला म्हणून होतं, पहिलं सिलिंडर बुधाजी कातकऱ्याने आणलं म्हणून त्यावर पाणी पडलं आणि पुढे आपण ते तसंच चालू ठेवलं. क्रांती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. रंगूला कमी ऐकू यायचं, तिला अर्धं क्रांतीने मोठ्याने पुन्हा सांगितलं.

रंगूआजी हसायला लागली. “अगं बाय, त्ये पानी व्हय? त्याचं काय येवढं! आमी तर वाट बघायचो त्या पान्याची. मागल्या दारी जाऊन हाक मारायची, मोली टाकायची. बाई घासाघीस करायची, न्हाय न्हाय म्हनायची. पन एकदा का पानी मारलं, का आमी समजायचो, खपली मोली. पानी मारलेली मोली कोन परत देत न्हाय.” तिने टाळी वाजवल्यासारखे हात जोडले. “एक बाई तर पानी मारायची आनि मंग वरडायची, लाकूड वलं आनलंस, धूर व्हतो!” या आठवणीने तिला इतकं हसू आलं की खोकल्याची उबळ आली. आणि नूतनच्या अंगातून काहीतरी सैल झालं. म्हणजे त्यांनी तितकं मनाला लावून घेतलं नव्हतं तर. ती हसली. मनापासून, सुटल्यासारखी हसली. क्रांती मात्र तिच्याकडेच बघत होती. “आजी सगळ्यांना हेच सांगते,” ती म्हणाली. “समोरच्याला बरं वाटावं म्हणून.”

खोकला थांबेना. “पानी,” रंगू म्हणाली. मडकं नूतनच्या हाताशी होतं, शेजारी स्टीलचा ग्लास. तिने ग्लास भरून पुढे केला. रंगूने ग्लास घेतला नाही. ती किंचित पुढे वाकली, दोन्ही हातांची ओंजळ केली, ओठांशी लावली आणि वाट बघत राहिली. काय करायचं हे नूतनला एकदम कळलं नाही; मग कळलं, आणि सांडू नये म्हणून तिने ग्लास अगदी खाली, ओंजळीशी नेला. ग्लासाची कड म्हातारीच्या बोटांना लागली मात्र, रंगूने चटका बसल्यासारखे हात मागे ओढले. पाणी जमिनीवर सांडलं. “लागंल ना बाय,” रंगू ओशाळून म्हणाली. “तुमास्नी माजा हात लागंल.” क्रांतीने पुढे होऊन दुसरा ग्लास भरला आणि आजीच्या हातात दिला. रंगूने तो दोन्ही हातांनी धरून घटाघटा संपवला, रोजच्यासारखा. “घरात ती ग्लासनेच पिते, काकू,” क्रांती हळूच म्हणाली. “तुम्ही दिलंत म्हणून.”

नूतनला लाज वाटली. सांगून हलकी होण्याजोगी ती लाज नव्हती. शोधून काढलं, येऊन सांगितलं, म्हणजे झालं, असं ती धरून चालली होती. पण जे तिच्या हातात होतं त्याचं दुसरं टोक या म्हातारीच्या हातात होतं, आणि ते सापडायला इथे बसावं लागलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दाखवणंही तिला अप्पलपोटेपणाचं वाटलं, म्हणून कोपऱ्यातलं फडकं घेऊन ती सांडलेलं पुसत राहिली. पुसून झालं तरी पुसत होती. “मला यातलं काय करता येईल, ते माहीत नाही,” ती खाली बघूनच म्हणाली. “आगीचं कारण मी पुन्हा नाही सांगणार, एवढं कळतंय.” बाहेर कुणीतरी कोंबड्या हाकलत होतं. नूतनने दिलेला वालाचा डबा क्रांतीने उघडून पाहिला, वास घेतला, कुठल्या बाईच्या बोटांनी इतके नीट सोललेत म्हणून विचारलं. नूतनने सांगितलं. क्रांतीने झाकण लावलं आणि डबा आत नेऊन ठेवला.

आतून आल्यावर ती आजीजवळ उकिडवी बसली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाली, “आजी, सुपारीला यांच्या घरी जायचंय आपल्याला. पुढच्या रविवारी. येशील ना?” नूतनचा हात फडक्यावर थांबला. रंगूने तिला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं. त्या बघण्यात राग नव्हता, संकोचही नव्हता. नव्या गावाला निघालेलं माणूस जशी वाट विचारून ठेवतं, तसं काहीतरी होतं. “यीन की,” ती म्हणाली. “पन कंच्या दारानं येऊ, त्ये आदी सांग.”

“एकच दार हाय, मावशी,” नूतन म्हणाली. किती वर्षांनी तिच्या तोंडून ‘हाय’ निघालं होतं.

“एकच?” रंगूला ते पटेना. तिने क्रांतीकडे पाहिलं, पुन्हा नूतनकडे पाहिलं, आणि खऱ्या काळजीने विचारलं, “मंग मी त्या दारानं आल्यावर बाकीची मान्सं कुठनं येतील?”

“तुमच्या मागनं,” नूतन म्हणाली.